अडीच वाजताचे जंक्शन

पश्चिम जपानच्या डोंगरात रेल्वेचा 25.8 किलोमीटरचा एक तुकडा आहे. तिकिटांतून शंभर येन हाती येण्यासाठी तिथे 25,416 येन खर्च होत होते. ही 2017 ते 2019 या तीन वर्षांची सरासरी. जेआर वेस्ट कंपनीने 2022 च्या एप्रिलमध्ये आपल्या आतबट्ट्याच्या मार्गांचे हिशेब तुकड्यातुकड्याने जाहीर केले, तेव्हा या यादीत सर्वांत तळाला हा तुकडा होता. वर्षाचे उत्पन्न दहा लाख येनच्या आसपास, तोटा सुमारे सव्वीस कोटी येन. तुकड्याच्या एका टोकाला तोजो नावाचे गाव आहे. दुसऱ्या टोकाला बिंगो-ओचिआइ हे स्टेशन आहे, आणि हे प्रकरण त्या स्टेशनाचे आहे.

हिरोशिमा प्रांतातल्या शोबारा शहराच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून 452 मीटर उंचीवर ते आहे. 'शहराच्या हद्दीत' हे निव्वळ कागदोपत्री. जपानमध्ये खेडी आणि तालुके एकत्र करून मोठमोठ्या नगरपालिका केल्या गेल्या आणि डोंगर-जंगलेही त्यांत आली. प्रत्यक्षात स्टेशनाभोवती डोंगर, एक ओढा, हमरस्ता आणि मोजकी घरे. या ठिकाणी दोन रेल्वेमार्ग मिळतात. एक गेइबी मार्ग, 159.1 किलोमीटरचा, ओकायामा प्रांतातल्या बित्चू-कोजिरोपासून थेट हिरोशिमापर्यंत जाणारा. दुसरा किसुकी मार्ग, 81.9 किलोमीटरचा, शिंजी सरोवराच्या काठावरून निघून डोंगर चढून इथे येऊन संपणारा. मार्ग दोन, पण गाड्या तीन दिशांनी येतात. गेइबी मार्ग एक असला तरी त्याच्यावरून आरपार जाणारी गाडी आता नाही. पूर्वेकडची गाडी इथे थांबते, पश्चिमेकडची इथून सुटते. प्रवाशाला उतरून गाडी बदलावीच लागते.

या बदलाची मुख्य वेळ दुपारी अडीचच्या सुमाराची. दिवसाच्या बाकी वेळात इथे कुणी चुकून उतरला तर पुढची गाडी तासन्‌तास येत नाही. तोजोच्या बाजूला दिवसाला तीन फेऱ्या, किसुकी मार्गावरही तीन, पश्चिमेकडे मियोशीच्या बाजूला पाच. पण अडीच वाजता मियोशीहून, पूर्वेकडच्या नीइमीहून आणि किसुकीच्या बाजूने अशा तीन गाड्या काही मिनिटांच्या अंतराने येतात. स्टेशनघराला लागून असलेल्या फलाटावर किसुकीची, समोरच्या फलाटाच्या दोन अंगांना गेइबीच्या दोन. गाडी म्हणजे एकेकटा डिझेल डबा. त्याचे नाव किहा 120. लांबी जेमतेम सोळा मीटर, बसचे सुटे भाग वापरून 1990 च्या दशकात स्वस्तात बनवलेला. हे डबे आले तेव्हा त्यांत शौचालयही नव्हते. तासन्‌तास डोंगरात फिरणाऱ्या गाडीत शौचालय नको, असे कोणत्या शहाण्याला वाटले असेल कोण जाणे. ते पुढे बसवले गेले.

गाडीत गार्ड नाही, तिकीट तपासनीस नाही. चढताना दाराशी यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या आकड्यापुढे भाडे दिसते. उतरताना चिठ्ठी आणि सुटे पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे. स्टेशनात कुणी नसले तरी भाडे बुडत नाही, कारण तिकीटघर डब्यातच आलेले असते. बिंगो-ओचिआइत 1997 पासून कर्मचारी नाही.

अडीचच्या गाड्यांतून उतरणारी माणसे बहुतांशी बाहेरगावची. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा. रूळ ओलांडून ती एका फलाटावरून दुसऱ्यावर जातात, तिन्ही गाड्यांचे फोटो काढतात. मग दहा-पंधरा मिनिटांत तिन्ही डबे आपापल्या दिशेला निघतात. शाळांच्या सुट्टीत, जेव्हा 'सेइशुन 18' हे साध्या गाड्यांत हवे तितके फिरण्याचे स्वस्त तिकीट चालू असते, तेव्हा याच डब्यांत उभे राहायलाही जागा नसते. एरवीच्या मंगळवारी डब्यात चालक आणि दोन-तीन प्रवासी.

इतक्या आडरानात जंक्शन का झाले, याला उत्तर आहे. जपानचे मुख्य बेट होन्शू याच्या पश्चिम भागाला डोंगरांची एक लांब पाठ आहे. दक्षिणेला आतल्या समुद्राकाठी हिरोशिमा, ओकायामा ही मोठी शहरे. उत्तरेला जपान समुद्राकाठी मात्सुए, योनागो. मधल्या मुलखात भात, कोळसा, गुरे आणि लोखंड. हे लोखंड खाणीतले नव्हे, तर वाळूतले. ती काळी वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत दिवसरात्र भात्याने फुंकून जपानी तलवारींचे पोलाद इथे होत असे. या भट्टीला 'तातारा' म्हणतात. तातारावर श्रीमंत झालेल्या घराण्यांनीच 1916 मध्ये शिंजी ते किसुकी हा खाजगी रेल्वेमार्ग सुरू करण्यात पुढाकार घेतला. सरकारने तो 1934 मध्ये ताब्यात घेतला आणि दक्षिणेकडे वाढवत नेला.

हिरोशिमाच्या बाजूनेही असेच झाले. एका खाजगी कंपनीने 1915 मध्ये मियोशीपर्यंत, 1923 मध्ये शोबारापर्यंत रूळ आणले. त्यापुढचे काम सरकारचे. बिंगो-ओचिआइ 20 डिसेंबर 1935 रोजी उघडले, तेव्हा ते निव्वळ शेवटचे स्टेशन होते. ऑक्टोबर 1936 मध्ये पूर्वेकडून येणारा मार्ग त्याला मिळाला, 1937 च्या जुलैमध्ये हिरोशिमापर्यंतच्या सगळ्या मार्गाला गेइबी हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी 12 डिसेंबरला किसुकी मार्ग डोंगर उतरून इथे पोचला. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत शेवटचे स्टेशन तिठा झाले. नावातले 'बिंगो' हे जुन्या प्रांताचे नाव. ओचिआइ नावाची स्टेशने देशात इतरत्रही असल्यामुळे गोंधळ नको म्हणून ते पुढे लावले. जपानी रेल्वेत ही रीत सर्रास आहे, आणि त्यामुळे रद्द झालेले प्रांत स्टेशनांच्या पाट्यांवर अजून जिवंत आहेत.

किसुकी मार्गाचा शेवटचा टप्पा मात्र घाईने सांगण्यासारखा नाही. इझुमो-साकाने हे स्टेशन 565 मीटरवर आहे. त्यापुढचे मिइनोहारा 727 मीटरवर, आणि जेआर वेस्टचे ते सर्वांत उंच स्टेशन. दोन स्टेशनांमधले रुळांचे अंतर 6.4 किलोमीटर आणि चढ 162 मीटर. सरळ रूळ टाकले असते तर गाडी चढलीच नसती. चाक पोलादाचे, रूळ पोलादाचा. दोन्ही गुळगुळीत असल्यामुळेच रेल्वे थोड्या ताकदीत एवढे ओझे ओढते, आणि त्याच कारणाने चढ लागला की चाके घसरतात. या मार्गावर जास्तीत जास्त चढ हजाराला तीस ठेवला आहे, म्हणजे एक किलोमीटर पुढे गेल्यावर तीस मीटर वर. उंची गाठायची तर लांबी वाढवायला हवी, आणि दरी अरुंद असली तर लांबी वाढवायला जागा नसते.

उपाय म्हणजे मागे-पुढे करत चढणे. गाडी इझुमो-साकानेत शिरते आणि थांबते. पुढे डोंगर आहे. चालक आपली किल्ली आणि टोपी घेऊन डब्यातून चालत मागच्या टोकाला जातो, तिथल्या केबिनमध्ये बसतो आणि गाडी उलट्या दिशेने, पण दुसऱ्या रुळावर, चढू लागते. झाडीतून काही अंतर वर गेल्यावर पुन्हा रूळ संपतो. तिथे सांध्यावर बर्फ साचू नये म्हणून छत घातले आहे. चालक पुन्हा डब्यातून चालत पहिल्या टोकाला येतो. प्रवासी पाय आखडून त्याला वाट देतात. सांधा बदलतो, गाडी तिसऱ्या रुळावर पुन्हा पुढच्या दिशेला निघते. थोड्या वेळाने खिडकीतून खाली पाहिले तर मघाचे स्टेशन झाडांच्या फटीतून दिसते.

आपल्याकडच्या बोरघाटात 1863 साली रेल्वे सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे असेच एक स्टेशन होते. विसाव्या शतकात नवी वाट काढून ते टाळले गेले. मुंबई-पुणे मार्गावरच्या गर्दीला ती उलटापालट परवडणारी नव्हती. किसुकी मार्गावर गर्दी कधी झालीच नाही, म्हणून 1937 ची युक्ती अजून चालू आहे. वाफेच्या काळात इथे सी 56 जातीची इंजिने होती. त्यांच्या पाठीमागच्या कोळसागाडीचे वरचे कोपरे तिरपे कापलेले असत, म्हणजे इंजिन उलटे धावतानाही चालकाला मागचा रूळ दिसावा. अशा मार्गासाठी याहून बरे इंजिन मिळणे कठीण.

मिइनोहारानंतर गाडी 275 मीटर खाली उतरून बिंगो-ओचिआइत येते. आता वाफेच्या काळातल्या स्टेशनाचे काम पाहू. तीन दिशांच्या गाड्या इथे संपत आणि सुरू होत. इंजिनाला इथे पाणी लागे, कोळसा लागे. इंजिनाचे तोंड फिरवायला टर्नटेबल होते. चढावर जोडीला दुसरे इंजिन लावायचे तर ते उभे राहायला जागा हवी. हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या टोळ्या लागत. सिग्नलवाले, सांधेवाले, गँगमन, तिकीटवाले, चालकांची रात्रीची झोपण्याची सोय. शंभराहून अधिक रेल्वे कर्मचारी इथे काम करत. त्यांच्या कुटुंबांमुळे स्टेशनासमोर दुकाने आणि मुक्कामाची घरे झाली. हिरोशिमा ते मात्सुए अशी 'चिदोरी' नावाची जलद गाडी 1950 च्या दशकापासून या वाटेने धावू लागली, दिवसाची आणि रात्रीचीही.

फलाटावर ओदेन-उदोन मिळे. ओदेन म्हणजे मुळा, अंडे, माशाच्या लगद्याच्या नळ्या वगैरे पदार्थ रश्श्यात तासन्‌तास मंद आचेवर मुरवलेले. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. एरवी हे दोन वेगळे पदार्थ. इथे शेवयांच्या वाडग्यातच ओदेनचे तुकडे घालून देत. दुसरी गाडी सुटायला दहा मिनिटे, बाहेर बर्फ, हातात वाफाळता वाडगा. जंक्शनवरच्या खाण्याची चव निम्मी त्या घाईत असते, असे मला वाटते. फलाटावरचे दुकान गेले, पण स्टेशनाजवळ हमरस्त्यावरच्या एका जेवणघरात तोच पदार्थ त्याच नावाने पुढे मिळू लागला.

माणसे कमी होत जाण्याची कारणे ओळखीची आहेत. डिझेल डबे आल्यावर कोळसा-पाण्याची गरज संपली, इंजिने फिरवण्याची संपली. सिग्नल आणि सांधे दूरवरच्या एका नियंत्रण कक्षातून हलू लागले. पण प्रवासी कमी होण्याची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि तिच्यात एक मासलेवाईक योगायोग आहे. जपानची सरकारी रेल्वे कर्जात बुडाल्यावर 1980 मध्ये कायदा झाला आणि कमी प्रवासी असलेले मार्ग बंद करण्याची यादी निघाली. किसुकी मार्ग आकड्यांनी त्या यादीत बसत होता, तरी वाचला, कारण त्याला समांतर असा बारमाही धड रस्ताच नव्हता. रेल्वे 1987 मध्ये तुकडे होऊन कंपन्यांकडे गेली. आणि 1992 मध्ये इझुमो-साकानेच्या डोंगरावर रस्ता झाला. तो साधासुधा नाही. राष्ट्रीय महामार्ग 314 इथे दोन वेढे घेत सुमारे शंभर मीटर चढतो, आणि लाल रंगाच्या मोठ्या पुलावरून दरी ओलांडतो. ओरोची या पुराणातल्या आठ डोक्यांच्या सर्पावरून त्याचे नाव ठेवले आहे. गाडी डोंगरात मागे-पुढे करत असताना खिडकीतून हा रस्ता समोर दिसतो. त्यावरून मोटारी गाडीच्या कितीतरी आधी वर पोचलेल्या असतात.

चिदोरी गाडी 1990 मध्येच बंद झाली होती. डोंगराच्या पश्चिमेला ओनोमिची-मात्सुए द्रुतगती मार्ग 2015 मध्ये पूर्ण झाला आणि हिरोशिमा-मात्सुए बसला रेल्वेची स्पर्धाच उरली नाही. इकडे रेल्वेने खर्च वाचवायला डागडुजी कमी केली. दरडी कोसळण्याची भीती असलेल्या जागी ताशी 25 किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या पाट्या लावल्या. गाडी अशा ठिकाणी सायकलच्या वेगाने सरकते. संथ झाली म्हणून माणसे कमी, माणसे कमी म्हणून डागडुजी कमी. हिवाळ्यात तर किसुकी मार्गाचा वरचा भाग बर्फामुळे अनेकदा आठवडेच्या आठवडे बंद असतो आणि कंपनी प्रवाशांना टॅक्सीने पोचवते. टॅक्सी पुरते, हेच काय ते बोलके.

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे. तोजो ते बिंगो-ओचिआइ या तुकड्याची 2019 सालची प्रवासी घनता 11 होती. बातम्यांत हे 'दिवसाला अकरा प्रवासी' असे येते. ते तसे नाही. वर्षभरात सर्व प्रवाशांनी मिळून कापलेले किलोमीटर घ्यायचे, त्यांना मार्गाच्या लांबीने भागायचे, मग दिवसांनी भागायचे. अकरा माणसे पूर्ण 25.8 किलोमीटर गेली काय, किंवा बावीस माणसे अर्ध्यावर उतरली काय, घनता अकराच. तीन फेऱ्या म्हणजे सहा गाड्या, तेव्हा सरासरीने एका गाडीत दोन माणसेही नाहीत. याच पद्धतीने बिंगो-ओचिआइ ते शोबारा या बाजूची घनता 62, आणि किसुकी मार्गाच्या इझुमो-योकोता ते बिंगो-ओचिआइ या 29.6 किलोमीटरची 37. सरकारी रेल्वेच्या काळात मार्ग ठेवायचा की बंद करायचा याची ढोबळ रेषा 4,000 ला आखलेली होती, हे लक्षात घेतले की अंतर कळते.

आकडे खरे आहेत, त्यात लपवाछपवी नाही. माझी तक्रार आहे ती तुकडे पाडण्याच्या जागेबद्दल. तिन्ही तुकडे बिंगो-ओचिआइलाच येऊन तुटतात. जंक्शनची कमाई त्याच्या तिन्ही हातांवर सांडलेली असते. किसुकीहून येऊन मियोशीला जाणारा माणूस दोन तुकड्यांत थोडाथोडा मोजला जातो आणि दोन्हीकडे क्षुल्लक ठरतो. एक हात कापला तर उरलेले दोन आडवळणाचे होतात, दोन कापले तर तिसऱ्याला काहीच अर्थ राहत नाही. पण हेही खरे, की असा आरपार जाणारा माणूस आज फार थोडा आहे, आणि जो आहे तो बहुधा कॅमेरा घेऊन आलेला हौशी. ज्यांच्या घरासमोरून गाडी जाते ते मोटारीने जातात. शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे हेच नियमित प्रवासी, आणि डोंगरात मुलेच कमी होत चालली आहेत.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये स्थानिक वाहतुकीबाबतचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानुसार कंपनी किंवा स्थानिक सरकार मागणी करेल तर केंद्र सरकार चर्चेची समिती नेमते. कायदा लागू होताच जेआर वेस्टने पहिली मागणी केली ती गेइबी मार्गाच्या बित्चू-कोजिरो ते शोबारा या 68.5 किलोमीटरसाठी. बिंगो-ओचिआइचे पूर्व-पश्चिम दोन्ही हात त्यात आले. देशातली ही पहिलीच समिती 2024 च्या जानेवारीत नेमली गेली आणि मार्चमध्ये हिरोशिमात बसली. तीन वर्षांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा असते. जवळच्या सान्को मार्गाचे उदाहरण सगळ्यांना आठवते. मियोशीहून नदीकाठाने जपान समुद्राला जाणारा हा 108.1 किलोमीटरचा मार्ग 2018 च्या मार्चअखेर बंद झाला.

किसुकी मार्गाचेही फारसे बरे नाही. 1998 पासून या मार्गावर उघड्या डब्याची 'ओकुइझुमो ओरोची' नावाची पर्यटक गाडी धावत असे. ती डोंगर चढून बिंगो-ओचिआइपर्यंत येई आणि अडीचच्या गर्दीत तिचाही वाटा असे. डबे जुने झाले म्हणून 23 नोव्हेंबर 2023 रोजी ती शेवटची धावली. तिच्या जागी आलेली 'आमेत्सुची' गाडी इझुमो-योकोतालाच थांबते. वरचा डोंगर आता साध्या डब्यांवर सोडला आहे. 2024 च्या मे महिन्यात कंपनीने इझुमो-योकोता ते बिंगो-ओचिआइ या भागाच्या भवितव्यावर स्थानिकांशी बोलायचे आहे असे सांगितले.

स्टेशनघर अजून लाकडी आहे आणि नीटनेटके आहे. आत वाफेच्या काळातले फोटो, जुन्या पाट्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहायची वही. रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्थानिक गृहस्थ स्वतःहून येऊन स्वच्छता पाहतात आणि गाडी बदलायला थांबलेल्यांना इंजिनांच्या काळाची माहिती सांगतात. जुने टर्नटेबल आवाराच्या कडेला आहे, आणि विचारले तर ते दाखवलेही जाते.

तिन्ही हातांबद्दल बोलणी सुरू आहेत, पण एका टेबलावर नाहीत. गेइबीच्या समितीत हिरोशिमा आणि ओकायामा, किसुकीच्या बोलण्यांत मुख्यतः उत्तरेकडचा शिमाने प्रांत. प्रत्येक बैठकीत आपल्या तुकड्याचे प्रवासी मोजले जातात, आणि प्रत्येक तुकडा बिंगो-ओचिआइच्या फलाटावर येऊन संपतो. तिन्ही प्रांत आणि दोन्ही मार्ग एकत्र बसून या स्टेशनाचा विचार करतील, अशी व्यवस्था या कायद्याने अजून लावून दिलेली नाही.